वसाहतकालीन अमेरिकेंतील मृत्युपत्रें व त्यांचें मौन

१. प्रास्ताविक

मृत्युपत्र हा एकटा वाचावयाचा कागद नव्हे, हें दाखविणें हा या लेखाचा हेतु आहे. घराण्याच्या इतिहासासाठीं मृत्युपत्रासारखें साधन दुसरें नाहीं असें सर्वत्र मानलें जातें, व तें बऱ्याच अंशीं खरेंही आहे. माणूस आपलीं मुलेंबाळें, जमीन, गुरें, देणेंघेणें व घरांतील भांडींकुंडीं एका कागदावर नांवनिशीवार लिहून ठेवितो. मग संशोधकास आणखी काय पाहिजे? परंतु ज्या मुलाचें नांव कागदांत नाहीं त्यास बापानें टाकलें, ज्या विधवेस फक्त एक बिछाना मिळाला तिला नवऱ्यानें उघड्यावर सोडलें, ज्यास एकच शिलिंग दिला त्याचा मुद्दाम अपमान केला, असे निष्कर्ष या कागदांवरून घाईनें काढले जातात आणि ते वारंवार चुकतात. कारण मृत्युपत्रांत जें लिहिलें नाहीं तें पुष्कळदां कायद्यानें आधींच ठरविलेलें असतें. लिहिणाऱ्यास तें ठाऊक होतें, साक्षीदारांस ठाऊक होतें. आपणांस मात्र तें शोधून काढावें लागतें.

हा मुद्दा विशद करण्यास उत्तर अमेरिकेंतील तेरा इंग्रजी वसाहतींचे कागद फार सोईचे आहेत. १६०७ सालीं जेम्सटाउन येथें पहिली टिकाऊ वसाहत झाली व १७७६ सालीं वसाहतींनीं स्वातंत्र्य जाहीर केलें. या दरम्यानच्या काळांतील मृत्युपत्रें तेथें हजारोंनीं उपलब्ध आहेत. मूळ कायदा एकच, म्हणजे इंग्लंडचा. पण प्रत्येक वसाहतीनें त्यास आपापली मुरड घातलेली. त्यामुळें बोस्टन येथील कागदांतलें एखादें वाक्य व्हर्जिनियांतील कागदांत जसेंच्या तसें आढळलें, तरी दोहोंचा अर्थ एकच असेल असें नाहीं. बंगाल्यांत दायभाग व महाराष्ट्रांत मिताक्षरा, म्हणून वारसाविषयींचा कागद प्रांत पाहून वाचावा लागतो, हें ज्यांस परिचित आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

२. कागद कसा होई व कोठें राही

इंग्लंडांत १५४० च्या कायद्यानें जमीन मृत्युपत्रानें देण्याची मुभा प्रथम मिळाली. १६६० सालीं जुन्या लष्करी धारापद्धतीचे निर्बंध उठल्यावर ती मुभा जवळजवळ पूर्ण झाली. मिताक्षरेप्रमाणें पुत्राचा वडिलार्जित मिळकतींत जन्मतःच हक्क उत्पन्न होतो. इंग्रजी कायद्यांत बाप जिवंत असेतों मुलाचा असा हक्क नाहीं. बापानें मृत्युपत्र केलें तर त्याचा शब्द, न केलें तर कायद्याचा शब्द, असा तेथील सरळ क्रम होता.

१६७७ च्या कायद्यानें जमिनीसंबंधींचें मृत्युपत्र लेखी असावें व त्यावर निदान तीन साक्षीदार असावेत, असें ठरलें. १७५२ च्या कायद्यानें साक्षीदारास त्याच मृत्युपत्रानें दिलेली देणगी रद्द ठरूं लागली, व हा नियम अमेरिकेंतील वसाहतींसही लागू केला गेला. त्यानंतरच्या कागदांत जवळचा एखादा आप्त साक्षीदार म्हणून आढळला आणि त्यास कांहींच दिलेलें नसलें, तर त्यांत भाऊबंदकी शोधण्याचें कारण नाहीं. विवाहित स्त्रीस नवऱ्याच्या हयातींत जमिनीचें मृत्युपत्र करितां येत नसे. म्हणून स्त्रियांचीं जीं मृत्युपत्रें सांपडतात तीं बहुतेक विधवांचीं किंवा अविवाहित स्त्रियांचीं असतात. जमीन देण्यास एकवीस वर्षें पूर्ण असावीं लागत. पण जंगम मालाचें मृत्युपत्र चौदा वर्षांचा मुलगा व बारा वर्षांची मुलगीही करूं शके. सबब मृत्युपत्र करणारा सज्ञान असलाच पाहिजे असें धरून त्याच्या जन्माचें साल बसविणें धोक्याचें आहे.

मृत्यूनंतर कागद न्यायालयांत येई, साक्षीदार शपथेवर सांगत व तो सिद्ध होई. मॅसॅच्युसेट्समध्यें १६९२ पासून हें काम प्रत्येक कौंटीच्या प्रोबेट न्यायाधीशाकडे होतें. व्हर्जिनियांत तें कौंटी न्यायालयांत चाले. मेरीलँडमध्यें त्यासाठीं प्रिरॉगेटिव्ह न्यायालय नांवाचें मध्यवर्ती न्यायालय होतें. ज्यांची मिळकत इंग्लंडांतही होती त्यांचीं मृत्युपत्रें कँटरबरीच्या धर्मपीठाच्या न्यायालयांत सिद्ध होत, व तीं आज लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. न्यायालयाचा कारकून मृत्युपत्राची नक्कल वहींत उतरून घेई. मूळ कागद व वहींतील नक्कल या दोन भिन्न वस्तु आहेत: शाई, मुद्रा, सहीचें वळण किंवा निशाणी यांविषयीं नकलेवरून कांहीं म्हणतां येत नाहीं, आणि नांवांचीं रूपें नकलकारानें बदललेलीं असण्याचा संभव नेहमींच असतो.

मृत्युपत्रापाठोपाठ दुसरे कागद उत्पन्न होत. न्यायालय तीनचार शेजाऱ्यांस पंच नेमी व ते घरांत हिंडून प्रत्येक वस्तूची किंमत लावीत. या मोजदादीच्या यादीमागून व्यवस्थापकाचा हिशेब येई, व मुलें लहान असल्यास पालकाच्या नेमणुकीचा कागद येई. येथेंही प्रांतभेद आहे. न्यू इंग्लंडांतील यादींत जमिनीची किंमत साधारणतः लिहिलेली असते. व्हर्जिनिया व मेरीलँड येथील यादींत ती नसते. व्हर्जिनियांतील यादी पाहून "हा मनुष्य भूमिहीन होता" असें म्हणणारा संशोधक पहिल्याच पायरीवर घसरला म्हणून समजावें. जे मृत्युपत्र न करितांच वारले ते तर पुष्कळच होते. त्यांच्यासाठीं हे पाठीमागचे कागद हेंच एकमेव साधन असतें.

३. वडील मुलाचा वांटा

मृत्युपत्र नसल्यास जमीन कोणास जावी, या एका प्रश्नावर वसाहतींचे दोन तट पडले होते. व्हर्जिनिया, मेरीलँड व न्यूयॉर्क येथें इंग्लंडची ज्येष्ठपुत्राची वहिवाट चाले, म्हणजे सर्व जमीन एकट्या वडील मुलास मिळे. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट व पेनसिल्व्हेनिया येथें सर्व मुलांस वांटे मिळत, मात्र वडील मुलास दुप्पट. मॅसॅच्युसेट्सनें ही दुप्पट वांट्याची तरतूद १६४१ च्या आपल्या अधिकारसंहितेंत घातली. तिचा आधार बायबलांतील अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायांत आहे. मनूनें नवव्या अध्यायांत ज्येष्ठास दोन वांटे देण्याचा जो एक पक्ष सांगितला आहे त्याचें येथें कोणासही स्मरण होईल. अर्थात् दोहोंचा परस्परसंबंध नाहीं.

आतां वाचनाचा नियम पाहा. व्हर्जिनियांतील बापानें मृत्युपत्रांत धाकट्या मुलांस व मुलींस कांहीं कांहीं दिलें आणि थोरल्याचें नांवही घेतलें नाहीं, तर थोरला बेदखल झाला असें नव्हे. ज्या जमिनीचा मृत्युपत्रांत उल्लेख नाहीं ती आपोआप त्याचीच होई. त्याचें नांव घेण्याची गरजच नव्हती. उलट बोस्टन येथील मृत्युपत्रांत थोरल्यास दुप्पट वांटा दिसला तर तो बापाचा विशेष लोभ समजूं नये; तो देशाचा रिवाज होता.

हा भेद कागदावरचा नव्हता; त्यावरून सख्खीं बहीणभाऊ लंडनपर्यंत गेलीं. मॅसॅच्युसेट्स व कनेक्टिकट या दोन्ही वसाहतींच्या गव्हर्नरांच्या विन्थ्रॉप घराण्यांतील वेट स्टिल विन्थ्रॉप हे १७१७ सालीं मृत्युपत्र न करितां वारले. मागें मुलगा जॉन व मुलगी ॲन. ॲनचे पति टॉमस लेचमेर. कनेक्टिकटच्या कायद्याप्रमाणें तेथील जमिनींत जॉनचे दोन व ॲनचा एक असे वांटे होत. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणें सर्व जमीन आपलीच, असें जॉनचें म्हणणें. वसाहतींतील न्यायालयांत हार खाल्ल्यावर तो स्वतः लंडनला गेला व त्यानें प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागितली. १७२८ सालीं निकाल त्याच्यासारखा झाला. एवढेंच नव्हे तर कनेक्टिकटचा तो कायदाच इंग्लंडच्या कायद्याविरुद्ध म्हणून रद्द ठरविण्यांत आला.

या निकालानें वसाहतींत केवढी धांदल उडाली असेल याची कल्पना करावी. दोन पिढ्यांत ज्या वांटण्या झाल्या, ज्यांवर घरें बांधलीं गेलीं व जमिनी विकल्या गेल्या, त्या सर्वांच्या मुळाशीं असलेला कायदाच नाहींसा झाला. पुढें १७३८ सालीं फिलिप्स विरुद्ध सॅव्हेज या दाव्यांत मॅसॅच्युसेट्सचा तसाच कायदा प्रिव्ही कौन्सिलनें ग्राह्य धरला, व १७४५ सालीं क्लार्क विरुद्ध टाउझी या कनेक्टिकटच्या दाव्यांतील अपील फेटाळलें गेलें. तेव्हां कोठें जुनी रीत निर्धास्त झाली. म्हणून १७२८ ते १७४५ या सतरा वर्षांत कनेक्टिकटमध्यें झालेलीं मृत्युपत्रें वाचतांना हें प्रकरण डोळ्यांपुढें ठेवावें. धाकट्या मुलांची व मुलींची तरतूद करणाऱ्या बापास त्या काळांत मृत्युपत्र लिहून ठेवण्याचें एक जादा कारण होतें. हेंच प्रिव्ही कौन्सिल महाराष्ट्रासही अपरिचित नाहीं: बाबामहाराजांच्या १८९७ च्या मृत्युपत्रांतून उद्भवलेल्या व लोकमान्य टिळकांना अनेक वर्षें गुंतवून ठेवणाऱ्या ताईमहाराज प्रकरणाचा शेवटचा निकाल १९१५ सालीं तेथेंच लागला.

व्हर्जिनियानें ज्येष्ठपुत्राचा हा हक्क १७८५ च्या कायद्यानें काढून टाकला. पिढ्यान् पिढ्या जमीन एकाच शाखेंत बांधून ठेवण्याची पद्धत त्यापूर्वींच, १७७६ सालीं, बंद झाली होती.

४. विधवेचा तिसरा हिस्सा

इंग्रजी कायद्यांत विधवेस नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याचा हयातीपुरता उपभोग मिळे. यास डॉवर म्हणत. हा हक्क नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नव्हता, आणि त्यानें मृत्युपत्रांत त्याचा उल्लेख केला नाहीं म्हणून तो बुडतही नसे. मृत्युपत्रांतील देणगी कमी वाटल्यास ती नाकारून डॉवर मागण्याची विधवेस मोकळीक असे. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या संहितेंत तर नवऱ्यानें पुरेसा भाग न ठेवल्यास बायकोनें जनरल कोर्टाकडे तक्रार करावी व तेथें तिचें निवारण व्हावें, असें स्पष्ट कलम होतें. मृत्युपत्र नसल्यास जंगम मालाचाही तिसरा हिस्सा तिला व बाकीचे दोन हिस्से मुलांस, असा इंग्लंडचा १६७० चा नियम होता.

तेव्हां "माझ्या पत्नीस उत्तम बिछाना" एवढेंच वाक्य वाचून हळहळण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. पहिली, तिचें डॉवर शाबूत होतें कीं नव्हतें. दुसरी, मोजदादीच्या यादींत त्या बिछान्याची किंमत काय लिहिली आहे. कारण पिसांची गादी व पडद्यांसह असलेला पलंग ही त्या काळीं घरांतील सर्वांत मोलाच्या वस्तूंपैकीं एक असे.

न्यूयॉर्कमध्यें आणखी निराळा प्रकार आढळतो. ही वसाहत १६६४ पर्यंत डच लोकांची होती. ती इंग्रजांच्या स्वाधीन करतांना जो तह झाला त्यांत वारशाच्या बाबतींत डच लोकांच्या रीतिरिवाजांस धक्का लागणार नाहीं असें एक कलम होतें. डच रिवाजांत नवराबायको मिळून एकच मृत्युपत्र करीत व मागें राहील त्याच्या हातीं मिळकत राही. त्यामुळें न्यूयॉर्कच्या जुन्या दप्तरांत पतिपत्नींच्या संयुक्त सहीचीं मृत्युपत्रें सांपडतात. तीं इंग्रजी नमुन्यावर ताडून पाहूं नयेत.

५. शब्द व तारखा

कांहीं शब्दांचे अर्थ आज पालटले आहेत. या कागदांत "कझिन" हा शब्द पुतण्या किंवा भाचा या अर्थींही येतो. "सन-इन-लॉ" म्हणजे जांवई खराच, पण कित्येक ठिकाणीं तो सावत्र मुलगाही असतो. "माझी सांप्रतची पत्नी" असें लिहिलेलें असल्यास पूर्वींची एखादी पत्नी असलीच पाहिजे असें नाहीं. पुढें पुन्हा लग्न झाल्यास घोटाळा होऊं नये म्हणून वकील मंडळी तसें लिहीत. "सीनियर" व "ज्युनियर" हे शब्द एका गांवांतील एकाच नांवाच्या दोन माणसांस लावीत. तीं बापलेंक असतीलच असें नाहीं. "इन्फंट" म्हणजे तान्हें मूल नव्हे, एकवीस वर्षांखालील कोणीही. एका शिलिंगाची देणगी क्वचित् रागाची खूण असेल; पण पुष्कळदां त्या मुलास लग्नाच्या वेळीं किंवा वेगळें निघतांना त्याचा वांटा आधींच दिलेला असे. तो विसरला गेला असें म्हणून त्यानें पुढें दावा करूं नये, एवढ्यासाठीं नांव घेऊन नाममात्र रक्कम लिहीत. त्या दानाचा पुरावा जमिनीच्या खरेदीखतांच्या वह्यांत शोधावा.

तारखांचाही असाच फसवा प्रकार आहे. १७५२ पर्यंत इंग्लंडांत व वसाहतींत कायद्याचें वर्ष २५ मार्चला सुरू होई. डिसेंबर १७३१ मध्यें लिहिलेलें मृत्युपत्र फेब्रुवारी १७३१ मध्यें सिद्ध झालें असें दिसल्यास तें बनावट नव्हे. तो फेब्रुवारी आपल्या गणनेनें १७३२ चा. १७५२ सालीं २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर धरून नवें पंचांग सुरू झालें. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या गणनेनें ११ फेब्रुवारी १७३१ व नव्या गणनेनें २२ फेब्रुवारी १७३२, असा दोन प्रकारें लिहिला जातो तो यामुळेंच.

६. एका घराण्याचें उदाहरण

वर सांगितलेले बहुतेक नियम याच वॉशिंग्टन घराण्याच्या कागदांत एकत्र पाहावयास मिळतात.

जॉर्ज यांचे वडील ऑगस्टीन यांनीं १७४३ च्या एप्रिलांत मृत्युपत्र केलें व ते लगेच वारले. थोरला मुलगा लॉरेन्स यास पोटोमॅक नदीवरील जमीन मिळाली, तीच पुढें माउंट व्हर्नन या नांवानें प्रसिद्ध झाली. अकरा वर्षांच्या जॉर्जच्या वांट्यास रॅपहॅनक नदीकांठचा फेरी फार्म नांवाचा मळा व दहा गुलाम आले. मृत्युपत्रापुरतें पाहिलें तर जॉर्ज सज्ञान होतांच मळा त्याच्या ताब्यांत गेला असें वाटेल. प्रत्यक्षांत त्याची आई मेरी १७७२ पर्यंत तेथेंच राहिली. मालकी व वहिवाट या दोन गोष्टी निराळ्या, हें आपल्याकडील इनामी कागद पाहणारांस सांगावयास नको.

लॉरेन्स १७५२ सालीं वारला. त्याच्या मृत्युपत्राप्रमाणें माउंट व्हर्ननचा हयातीपुरता उपभोग पत्नी ॲन हिला, नंतर मालकी मुलगी सारा हिला, व ती निःसंतान वारल्यास जॉर्जला, असा क्रम होता. १७५४ सालीं सारा वारली. ॲननें तत्पूर्वींच पुनर्विवाह केला होता. जॉर्जनें त्या वर्षाच्या अखेरीस ॲनकडून माउंट व्हर्नन सालीना १५,००० पौंड तंबाखूच्या खंडानें घेतलें, आणि १७६१ सालीं ती वारल्यावर तो पूर्ण मालक झाला. म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ तो भावाच्या विधवेचा खंडकरी होता.

आतां दुसरी बाजू. डॅनियल पार्क कस्टिस हा व्हर्जिनियांतील मोठा श्रीमंत जमीनदार १७५७ सालीं मृत्युपत्र न करितां वारला. मागें पत्नी मार्था व दोन लहान मुलें. व्हर्जिनियांत १७०५ च्या कायद्यानें गुलाम हे वारशापुरते स्थावर मिळकतींत धरले जात. म्हणून जमिनीप्रमाणेंच गुलामांचाही तिसरा हिस्सा, ८४ माणसें, मार्थाकडे डॉवर म्हणून आलीं: मालकीनें नव्हे, तर तिच्या हयातीपुरतीं. १७५९ सालीं तिनें जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशीं विवाह केला. व्हर्जिनियांत १६६२ पासून मुलाची गुलामगिरी आईवरून ठरे. त्यामुळें डॉवरांतील स्त्रियांचीं मुलेंही डॉवरांतच मोडत, मग त्यांचा बाप वॉशिंग्टन यांच्या मालकीचा असो वा स्वतंत्र असो. १७९९ च्या उन्हाळ्यांत वॉशिंग्टन यांनीं माउंट व्हर्ननच्या गुलामांची यादी केली. त्यांत त्यांच्या स्वतःच्या मालकीचे १२३ व डॉवराचे १५३ होते. चाळीस वर्षांत या दोन समूहांत अनेक लग्नें झालेलीं होतीं.

९ जुलै १७९९ रोजीं त्यांनीं मृत्युपत्र लिहिलें. तें २९ पृष्ठांचें, संपूर्ण स्वहस्ताक्षरांत असून त्यास साक्षीदार नाहींत; व्हर्जिनियाच्या कायद्यास स्वहस्तलिखित मृत्युपत्र साक्षीदारांवांचून चालत असे. प्रत्येक पृष्ठावर सही आहे, एका पृष्ठावर तेवढी राहिली आहे. गंमत अशी कीं, सालाच्या अक्षरांत शेवटचा "नऊ" लिहावयाचा राहून गेला व साल "सतराशें नव्वद" असें पडलें आहे. परंतु त्यापुढेंच "स्वातंत्र्याचें चोविसावें वर्ष" असें असल्यामुळें १७९९ हें साल निःसंशय ठरतें. शकाचा आंकडा चुकला तरी संवत्सराच्या नांवावरून वर्ष पक्कें करणाऱ्या आपल्या संशोधकांस ही रीत घरचीच वाटेल.

या मृत्युपत्रांत त्यांनीं आपल्या गुलामांस पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त करावें, म्हाताऱ्या व अपंगांस जन्मभर अन्नवस्त्र द्यावें, व आईबापांवांचून राहिलेल्या मुलांस लिहावयावाचावयास शिकवून धंद्यास लावावें, असें लिहिलें. विल्यम ली या आपल्या जुन्या सेवकास तर त्यांनीं तत्काळ स्वातंत्र्य व सालीना तीस डॉलर दिले. मात्र डॉवराच्या माणसांस मुक्त करण्याचा अधिकार आपणांस नाहीं, आणि दोन्हीकडच्या लोकांचीं लग्नें झालेलीं असल्यामुळें आपल्या लोकांस आधीं सोडलें तर फार क्लेशकारक प्रसंग येतील, हेंही त्यांनीं तेथेंच सांगितलें आहे. १४ डिसेंबर १७९९ रोजीं ते वारले. मार्थानें त्यांच्या गुलामांस १ जानेवारी १८०१ पासून मुक्त केलें. ती स्वतः २२ मे १८०२ रोजीं वारली, व डॉवराचीं माणसें कस्टिस घराण्याच्या चार नातवंडांत वांटलीं गेलीं.

केवळ १७९९ चें मृत्युपत्र वाचणारास वॉशिंग्टन यांनीं आपल्या मळ्यावरील सर्वांस सोडलें असें वाटेल, व केवळ १८०२ ची वांटणी पाहणारास त्यांनीं कोणासच सोडलें नाहीं असें वाटेल. खरा उलगडा १७५७ सालीं न झालेल्या एका मृत्युपत्रांत, व त्याच्याही मागें १६६२ व १७०५ च्या दोन कायद्यांत आहे. त्या दोन कायद्यांनीं व एका मौनानें शेंकडों माणसांचें दैव ठरविलें, आणि पुष्कळ घरांत बाप स्वतंत्र व बायकामुलें गुलाम अशी स्थिति झाली. गुलामांस मुक्त करण्यासंबंधींही काळ पाहिला पाहिजे. व्हर्जिनियांत १७२३ च्या कायद्यानें गव्हर्नर व कौन्सिल यांच्या संमतीवांचून गुलाम मुक्त करितां येत नसे. ती मोकळीक मालकांस १७८२ सालीं मिळाली. तेव्हां १७५० च्या मृत्युपत्रांत मुक्तीचें नांव नाहीं यावरून लिहिणाऱ्याच्या मनाविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. १७९० च्या मृत्युपत्रांत तें नसेल तर मात्र तें मौन त्याचें स्वतःचें आहे.

७. संग्राहकांस

शेवटीं या कागदांच्या नशिबाविषयीं. वॉशिंग्टन यांचें मृत्युपत्र फेअरफॅक्स कौंटीच्या न्यायालयांत होतें. अमेरिकन यादवी युद्धांत सुरक्षिततेसाठीं तें रिचमंडला हलविलें गेलें व युद्धानंतर परत आलें. मार्थाचें मृत्युपत्र मात्र तेथेंच राहिलें, व १८६२ सालीं उत्तरेकडील फौजेच्या एका अधिकाऱ्यानें तें उचललें. पुढें तें विकत घेतलें जाऊन जे. पी. मॉर्गन यांच्या प्रसिद्ध संग्रहांत गेलें. व्हर्जिनिया राज्यानें सर्वोच्च न्यायालयांत दावा लावल्यावर १९१५ सालीं तें फेअरफॅक्स येथें परत करण्यांत आलें. त्या कागदांत मार्थानें इलिश नांवाच्या एका गुलामास आपल्या नातवास दिल्याची नोंद आहे. डॉवरांत न मोडणारा, तिच्या स्वतःच्या मालकीचा असा हा एकच मनुष्य होता, आणि त्यास तिनें मुक्त केलें नाहीं. ही गोष्ट ध्यानांत येण्यास तो कागद नवऱ्याच्या मृत्युपत्राशेजारीं ठेवूनच वाचला पाहिजे.

सर्वच दप्तरांस असें भाग्य लाभलें नाहीं. एप्रिल १८६५ मध्यें रिचमंडला लागलेल्या आगींत व्हर्जिनियाच्या जुन्या जनरल कोर्टाचें दप्तर जळालें, व त्याबरोबर कित्येक घराण्यांचे दुवे कायमचे तुटले. आगीस इलाज नाहीं. पण दप्तरांतून सुंदर सहीचें एक मृत्युपत्र काढून घ्यावें आणि त्यास बांधलेली मोजदादीची यादी, व्यवस्थापकाचा हिशेब व पालकाचा कागद रद्दी म्हणून टाकून द्यावे, हें नुकसान मनुष्यकृत आहे. सही थोरामोठ्यांची असते. यादींत मात्र ज्यांना स्वतःचा कागद लिहितां आला नाहीं अशा माणसांचीं नांवें असतात, आणि त्यांतील पुष्कळांचा उल्लेख जगांत दुसरीकडे कोठेंही नाहीं.

यास्तव मृत्युपत्र हातीं आल्यास प्रथम तें कोणत्या वसाहतीचें व कोणत्या सालचें हें पाहावें. त्या सालीं तेथें मृत्युपत्र नसतें तर कायद्यानें काय झालें असतें तें मांडावें. मग मृत्युपत्रानें त्यांत काय बदललें तेवढेंच लिहिणाऱ्याच्या इच्छेच्या खात्यांत घालावें. उरलेलें सर्व कायद्याचें. आणि ज्या रुमालांत तो कागद सांपडला तो रुमाल जसाच्या तसा बांधून ठेवावा.